आयर्नच्या शाफ्टवर ‘आर’ हवा की ‘एस’? आधी वजन बघा, मग अक्षर

सोलापुरात गोल्फचा सेट दुकानातून कमी आणि कुणाच्या तरी सामानातून जास्त येतो. मुलगा अमेरिकेतून परतताना जुना सेट घेऊन येतो, दुबईचा मेव्हणा नवा घेतल्यावर आधीचा पाठवून देतो, नाहीतर पुण्यातलं कुणीतरी गुडघे दुखतात म्हणून बॅगेसकट सगळं विकायला काढतं. बॅग उघडली की सगळ्यांची नजर काठीच्या खालच्या जड टोकावर, हेडवर जाते. कंपनी कुठली, फेसवरच्या, म्हणजे बॉलला लागणाऱ्या सपाट बाजूवरच्या खाचा झिजल्यात का, तळाला किती ओरखडे. शाफ्टकडे बघितलंच तर ग्रिपच्या खाली चिकटवलेल्या पट्टीवरचं अक्षर तेवढं वाचतात. तिथं ‘एस’, म्हणजे कडक शाफ्ट दिसला की साठीचा माणूसही खूश, आणि त्याहून मऊ ‘आर’ निघाला की चेहरा जरा पडतो. जणू डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केलीय.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की ते अक्षर म्हणजे मोजमाप नव्हे, कंपनीनं लावलेलं लेबल आहे. आयर्न, म्हणजे ठरावीक अंतराच्या फटक्यांसाठीच्या नंबर घातलेल्या काठ्या, निवडताना त्या अक्षराचा क्रम तिसरा लागतो. पहिला वजनाचा, दुसरा तुमच्या स्विंगच्या लयीचा. बहुतेक लोक नेमकं उलट्या क्रमानं जातात आणि मग दोन-दोन वर्षं स्वतःच्या स्विंगला बोल लावत बसतात.

शाफ्ट म्हणजे ग्रिपपासून हेडपर्यंतची पोकळ नळी, स्टीलची किंवा ग्रॅफाइटची. जोर लावल्यावर ती किती वाकते त्याला फ्लेक्स म्हणायचं. चालू अक्षरं पाच. एल सगळ्यात मऊ, मग ए (काही कंपन्या त्याला एम म्हणतात, काही सरळ सीनियर लिहितात), मग आर, मग एस, आणि सगळ्यात कडक एक्स. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे की ‘आर’ नेमका किती वाकला म्हणजे ‘आर’ म्हणायचं, हे जगात कुणीही ठरवून दिलेलं नाही. गोल्फचे नियम करणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या दोन संस्था शाफ्टबद्दल बोलतात, पण वेगळंच बोलतात. शाफ्ट कसाही फिरवून वाकवला तरी सारखाच वाकला पाहिजे, आणि दोन्ही बाजूंना सारखाच पिळला गेला पाहिजे, एवढी त्यांची अट. किती वाकावा आणि त्यावर कुठलं अक्षर छापावं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

ठरवायच्या पद्धती साधारण दोन. शाफ्टचं जाड टोक पकडीत घट्ट आवळायचं, बारीक टोकाला वजन टांगायचं आणि ते किती खाली झुकतं ते मोजायचं. किंवा टोकाला हेडएवढं वजन लावून ते खेचून सोडायचं आणि मिनिटाला किती वेळा हेलकावे घेतं ते यंत्रावर मोजायचं. या दुसऱ्या मापाला सीपीएम म्हणतात. आकडा मोठा तर शाफ्ट कडक. मापं दोन्ही चांगली आहेत, पण पकड किती लांबीची आणि वजन किती टांगलं हे प्रत्येक कारखान्यात वेगळं. त्यामुळं एका कंपनीचा कडक ‘आर’ दुसरीच्या मऊ ‘एस’पाशी सहज येऊन बसतो. शिवाय दोन शाफ्टचा एकूण आकडा तंतोतंत जुळला तरी एकाचं वरचं टोक कडक आणि खालचं मऊ असेल, दुसऱ्याचं नेमकं उलट. मारताना दोन्ही वेगळे लागतात. एवढी भानगड एका अक्षरात कशी मावणार?

आता वजन. इथं जरा थांबतो, कारण खरा घोळ इथंच आहे.

ट्रू टेंपर कंपनीचा डायनॅमिक गोल्ड हा स्टीलचा शाफ्ट जुन्या सेटमध्ये इतका सापडतो की तुमच्याकडेही असण्याची शक्यता दांडगी. त्याच्या पट्टीवर आर ३००, एस ३००, एक्स १०० असं काहीतरी असतं. त्यातलं अक्षर फ्लेक्सचं. एस २००, एस ३०० आणि एस ४०० यांचा फ्लेक्स एकच, पुढचा आकडा सांगतो की त्या फ्लेक्समध्ये वजनानं हा हलका, मधला की जड. एस ३०० चा न कापलेला शाफ्ट साधारण १३० ग्रॅमचा आणि आर ३०० साधारण १२७ ग्रॅमचा. म्हणजे एस नको, आर घेतो म्हणून तुम्ही हलकं काहीतरी घेतलं अशी समजूत असेल तर सुटका फक्त तीनेक ग्रॅमची झाली. त्याच वेळी निप्पॉनचा एन. एस. प्रो ९५० जीएच हा हलक्या स्टीलचा शाफ्ट शंभर ग्रॅमच्या आतच राहतो. आणि आयर्नसाठीचे ग्रॅफाइटचे ‘आर’ शाफ्ट साठ-पासष्ट ग्रॅममध्येही मिळतात.

तिन्हींवर ‘आर’ लिहिलेलं असतं. एक १२७ चा, एक ९५ च्या आसपासचा, एक ६५ चा. सात नंबरच्या आयर्नचं हेड साधारण २७० ग्रॅमचं आणि ग्रिप पन्नासेक ग्रॅमची धरली, तर पूर्ण क्लबमध्ये, म्हणजे अख्ख्या काठीत, पन्नास-साठ ग्रॅमचा फरक पडतो. हातात उभा धरल्यावर तो फारसा जाणवत नाही, पण एका सकाळी शंभर बॉल मारून बघा.

शाफ्ट जड पडला की पहिल्या तीसएक बॉलला काही कळत नाही. उलट बरं वाटतं, क्लबला वजन आहे, फटका भरीव बसतोय. मग हळूहळू क्लब उशिरा यायला लागतो, बॉलच्या आधी जमीन लागते, बॉल उजवीकडे निसटतो. (इथून पुढं सगळं उजव्या हातानं खेळणाऱ्यासाठी, डावखुऱ्यांनी दिशा उलटी करून वाचावं.) शाफ्ट फार हलका पडला की त्रास वेगळा. हेड कुठंय हे कळेनासं होतं, खांदे फिरायच्या आधी हात पुढं धावतात आणि बॉल डावीकडे ओढला जातो. म्हणून फिटिंग करणारी, म्हणजे खेळणाऱ्याला जुळेल असा क्लब बसवून देणारी जाणती माणसं एक साधा अंदाज सांगतात. शेवटच्या चार होलवरही न थकता, लय न बिघडता फिरवता येईल असा सगळ्यात जड शाफ्ट घ्यावा. मला हा नियम पटतो, कारण त्यात आपण ताजेतवाने असतानाचा फटका मोजला जात नाही.

हल्ली बऱ्याच शाफ्टच्या नावातच वजन असतं. डायनॅमिक गोल्डचेच ९५, १०५, १२० असे प्रकार निघालेत. तेव्हा पट्टी वाचताना आधी आकडा वाचा, अक्षर नंतर.

शाफ्ट वाकतो तेव्हा नेमकं होतं काय? क्लब वर जाऊन खाली यायला लागतो तेव्हा हात आधी ओढतात आणि हेड मागं राहतं, म्हणून शाफ्ट मागच्या बाजूला वाकतो. अर्ध्या वाटेत तो सरळ व्हायला लागतो. बॉलपाशी येईपर्यंत बहुतेकांचा शाफ्ट उलटा, म्हणजे लक्ष्याच्या दिशेला किंचित पुढं वाकलेला असतो. कारण हेडचा गुरुत्वमध्य शाफ्टच्या रेषेत नसतो, जरा मागं आणि जरा बाहेर असतो. वेगानं फिरताना तो मध्य हातांच्या रेषेत येऊ पाहतो, त्या नादात हेड पुढं ढकललं जातं आणि त्याचं टोकाकडचं अंग, ज्याला टो म्हणतात, थोडं खाली झुकतं.

हेड पुढं आलं म्हणजे फेस थोडा जास्त वर बघतो आणि किंचित डावीकडे मिटतो. शाफ्ट जितका मऊ, तितकं हे जास्त. म्हणून पुस्तकी नियम असा की फार मऊ शाफ्टनं बॉल उंच आणि डावीकडे जातो, फार कडक शाफ्टनं खालून आणि उजवीकडे. नियम खोटा नाही, पण तो मुख्यतः ड्रायव्हरवरून, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबवरून आलेला आहे. ड्रायव्हरचा शाफ्ट लांब, तिथं हा खेळ ठळक दिसतो. आयर्नचा शाफ्ट आखूड, वाकायला जागाच कमी. तेव्हा फ्लेक्स बदलला की तीस यार्ड वाढतील असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्यावं. शाफ्ट शेवटच्या क्षणी उसळी मारतो आणि बॉल फेकतो, ही समजूतही अशीच चिवट. बॉल फेसवर टिकतो सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढा वेळ. ‘काय झकास लागला’ असं हाताला कळतं तेव्हा बॉल निघून गेलेला असतो.

मग आयर्नमध्ये फ्लेक्सनं काय साधायचं? आयर्न हे लांब मारायचं हत्यार नाहीच. सात नंबरनं १४० यार्ड जायचे असतील तर दहापैकी आठ वेळा १४० च्या आसपास गेले पाहिजेत, आणि तेही एकाच बाजूला. दोन बॉल १५५ आणि तीन बॉल १२५ हा हिशोब सरासरीत बरा दिसतो, ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवर दिसत नाही. फ्लेक्स निवडायचा तो या सातत्यासाठी.

आता लय. समजायला सगळ्यात अवघड भाग हाच, आणि सोलापूरकरांना तो सांगणं सगळ्यात सोपं. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात. बाराबंदी घातलेला भक्त तो उंच ध्वज पेलून चालतो तेव्हा त्याच्या पावलांकडे बघा. तो कधीही झटक्यानं पाऊल टाकत नाही. टाकलं तर खालचा भाग पुढं जाईल, शेंडा मागं राहील आणि मग उशिरानं हेलकावा खाईल. सावकाश, एका तालात चाललं की तोच ध्वज शांत राहतो. क्लबचंही तसंच. शाफ्ट किती वाकणार हे बॉलपाशी तुमचा वेग किती यापेक्षा, क्लब वरून खाली वळवताना तुम्ही किती झटक्यानं ओढता यावर जास्त ठरतं.

आमच्या ओळखीत याचं चांगलं उदाहरण आहे. एक अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले टॉवेलचे कारखानदार, दुसरे बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी. दोघं एकदा पुण्याला फिटिंगला गेले. सात नंबरच्या आयर्ननं दोघांचाही वेग जवळपास सारखा निघाला.

“साहेब, तुमचं तर माझ्याएवढंच निघालं की ओ!” कारखानदार म्हणाले. त्यांना साहेबांच्या संथ स्विंगवरून वाटलं होतं की यांचं काही खरं नाही.

“वेग तेवढाच आहे हो मालक,” साहेब म्हणाले, “पण तुम्ही वरून दोर तुटल्यासारखा क्लब ओढता.”

फिटिंग करणाऱ्या पोरानं साहेबांना हलक्या स्टीलचा ‘आर’ दिला आणि मालकांना त्याच वजनाच्या घरातला ‘एस’. वेग एक, अक्षरं दोन. मालक अर्थातच आठवडाभर ‘एस’ ‘एस’ करत फिरले. ते झटका कमी करायला शिकले तर त्यांनाही ‘आर’च बरा पडेल, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

वेगाचा तक्ता मात्र टाकाऊ नाही, सुरुवात करायला तो लागतोच. सगळीकडे फिरणारा ढोबळ तक्ता ड्रायव्हरच्या वेगावर आहे. ताशी ७५ मैलांच्या खाली एल, ७५ ते ८५ ए, ८५ ते ९५ आर, ९५ ते १०५ एस, त्यापुढं एक्स. आपल्याला आयर्न निवडायचंय, तर हे आकडे आयर्नच्या भाषेत आणू. ट्रॅकमॅन या रडारवर चालणाऱ्या यंत्राची व्यावसायिक खेळाडूंची सरासरी बरीच वर्षं सगळीकडे वापरली जाते. तिच्यात पीजीए टूरवरच्या पुरुषांचा ड्रायव्हरचा वेग ताशी ११३ मैल आणि सात नंबरचा ९०. एलपीजीएवरच्या बायकांचा ड्रायव्हरचा ९४ आणि सात नंबरचा ७६. दोन्हीकडे भागाकार केला तर सात नंबरचा वेग ड्रायव्हरच्या साधारण ८० टक्के येतो. त्या हिशोबानं सात नंबरच्या आयर्नला ६८ ते ७६ मैलांना ‘आर’ आणि ७६ ते ८४ ला ‘एस’ असं माझं गणित. हे कुठल्या कंपनीचं नाही, घरगुती आहे, पण कामाला येतं.

या आकड्यांत एक मजा दडलीय. जगातल्या सर्वोत्तम बायका सात नंबरनं ७६ मैलांनी मारतात आणि बॉल हवेत सरासरी १४१ यार्ड जातो. म्हणजे तक्त्याप्रमाणं त्या ‘आर’ आणि ‘एस’च्या उंबरठ्यावर उभ्या आहेत. रोज आठ-आठ तास सराव करणाऱ्या त्या बायका तिथं असतील तर रविवारी सकाळी दोन तास खेळून कांदाभज्यांवर ताव मारणाऱ्या आपण मंडळींनी ‘आर’ला कमीपणाचं मानायचं काही कारण दिसत नाही.

यावर लगेच कुणीतरी म्हणतं, “पण मी सात नंबरनं दीडशे मारतो!” मारत असाल. फक्त तुमच्या सात नंबरचा लॉफ्ट किती ते आधी बघा. लॉफ्ट म्हणजे फेसचा तिरकेपणा. जुन्या सेटमध्ये सात नंबर ३४-३५ अंशांचा असायचा. हल्लीचे चुका पोटात घालणारे सेट २८ ते ३० अंशांचे येतात. म्हणजे हेडवर सात कोरलंय, आत जुना सहा किंवा पाच नंबर आहे. त्यामुळं अंतरावरून फ्लेक्स ठरवायला गेलात तर फसाल. त्यात आपला उन्हाळा. गरम हवा विरळ असते, बॉल थोडा जास्तच जातो. एप्रिल-मेमध्ये मोजलेल्या अंतरावर स्वतःला ‘एस’ बहाल करू नका.

आता निदान. बॉल सतत डावीकडे जातोय, तर शाफ्ट मऊ आहे असं ठरवायच्या आधी तीन संशयित बाजूला काढा. पहिला लाय, म्हणजे क्लब जमिनीवर टेकवल्यावर शाफ्ट किती उभा राहतो तो कोन. लाय जास्त उभा असला की टो वर राहतो आणि बॉल डावीकडे जातो, शाफ्ट कुठलाही असो. तपासायला खर्च शून्य. बॉलवर व्हाइटबोर्डच्या मार्करनं जाड रेघ ओढा, रेघ उभी आणि फेसच्या बाजूला ठेवून बॉल मारा. फेसवर रेघेची शाई उमटते. ती उभी उमटली तर लाय ठीक. तिरकी उमटली तर आधी लाय वाकवून घ्या, तोवर फ्लेक्सचं नावही काढू नका. दुसरा संशयित ग्रिप. ती हाताला बारीक पडली की मनगटं जास्त चालतात. आपल्याकडं घाम येऊन ग्रिप गुळगुळीत झालेली असते, तीही बदलायला झालेली असते. तिसरा संशयित अर्थातच स्विंग, त्याबद्दल बोलायला आमचा ग्रुप रोज तयार असतो.

ग्रुपवरून आठवलं. मोबाइलवर काढलेला स्विंगचा व्हिडिओ टाकून “बघा किती वाकतोय शाफ्ट, बदलावा लागणार” असं म्हणणारा एकजण तरी भेटतोच. त्यातल्या फोटोत शाफ्ट केळ्याएवढा वाकलेला दिसतो. तो शाफ्टचा दोष नाही, कॅमेऱ्याचा आहे. मोबाइलचा कॅमेरा चित्र एका फटक्यात घेत नाही, ओळीओळीनं वाचतो. वरची ओळ वाचून खालच्या ओळीपर्यंत येईतो क्लब पुढं गेलेला असतो, म्हणून सरळ काठीही वाकडी उमटते. त्या व्हिडिओवरून लय बघा, खांदे बघा, डोकं हलतंय का बघा. फ्लेक्स बघू नका.

खरी परीक्षा एकच. हेड तेच, बॉल तोच, ग्रिप तीच, आणि शाफ्ट बदलून मारून बघायचं. फिटिंगच्या ठिकाणी एकच हेड वेगवेगळ्या शाफ्टला लावायची सोय असते. त्यासाठी पुणं गाठावं. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून जायचं आणि संध्याकाळी परतायचं, सबंध सेट ओढत न्यायची गरज नाही. सोबत फक्त तुमचं सात नंबरचं आयर्न न्या, म्हणजे आहे त्याच्याशी तुलना करता येईल. गेल्यावर पहिली गोष्ट करा. फिटिंग करणाऱ्याला सांगा की शाफ्टवरच्या पट्ट्या काळ्या इन्सुलेशन टेपनं झाका, आणि कुठला कुठला आहे ते शेवटपर्यंत सांगू नका. अक्षर दिसलं की मन आधीच कौल देतं आणि हात त्याप्रमाणं वागतात.

प्रत्येक शाफ्टचे पहिले दोन-तीन बॉल मोजू नका, कारण शरीर नव्या वजनाशी जुळवून घेत असतं. पुढचे आठ-दहा मोजा. पडद्यावर सगळ्यात लांब गेलेला बॉल मोठ्या अक्षरात चमकतो, तो विसरा. सगळ्यात वाईट दोन बॉल कुठं गेले ते बघा. ज्या शाफ्टनं वाईट बॉलही फार वाईट गेले नाहीत, तो तुमचा. मग थोडी विश्रांती घेऊन, चहा पिऊन, पुन्हा तोच शाफ्ट दमलेल्या हातानं मारून बघा. तेव्हाही टिकला तर पट्टीवरची टेप काढा. बऱ्याचदा खालून ‘आर’ निघतो. कधीकधी ‘ए’ही निघतो.

पुण्याला जायला जमत नसेल तर मित्रांचे सात नंबर उसने घेऊन मोकळ्या रानात मारून बघता येतं. हेड वेगवेगळी असल्यामुळं फ्लेक्सचा निवाडा नीट होणार नाही, पण कुठलं वजन आपल्याला झेपतं एवढं नक्की कळतं. ज्वारी काढल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतं मोकळी होतात, मालकाला विचारून सोय होते. पलीकडं कुणी काम करत नाही ना हे आधी बघायचं. काळ्या रानात भेगा पडलेल्या असल्या तर जुनेच बॉल न्या. भेगेत गेलेला बॉल नांगरटीलाच वर येतो. आणि मॅट टाकल्याशिवाय मारू नका. वाळलेली काळी जमीन म्हणजे सिमेंटच, फटक्याचा सगळा हादरा कोपरात येतो. घराच्या गच्चीवर जाळी लावून मारणाऱ्यांना बॉल कुठं गेला हे कळतच नाही, त्यांनी जाळीवरून फ्लेक्सचं मत बनवू नये.

कोपराचा विषय निघालाय तर, ज्यांना कोपर किंवा मनगट दुखायचा त्रास आहे त्यांनी आर-एसच्या वादात न पडता ग्रॅफाइटकडं वळावं. ग्रॅफाइट हादरा बराचसा पचवतं. ‘ग्रॅफाइट म्हणजे म्हाताऱ्यांचं’ हे मत जुनं झालं, आता शंभर ग्रॅमच्या वरचे ग्रॅफाइट शाफ्टही मिळतात.

बायकांसाठी ‘एल’ हे समीकरणही तपासून घ्या. बॅडमिंटन किंवा हँडबॉल खेळलेल्या पोरीच्या हातात ‘एल’ दिला तर बॉल हवेत कुठंही जाईल. तिला ‘ए’ किंवा हलका ‘आर’ द्या. अक्षराला बाई-पुरुष कळत नाही, वेग आणि लय कळते.

मुलांच्या बाबतीत एक चूक इतक्या घरांत होते की सांगायलाच हवी. वडिलांचा जुना ‘एस’ क्लब घ्यायचा, ग्रिपकडून सहा-सात इंच कापायचा आणि नववीतल्या मुलाच्या हातात द्यायचा. शाफ्ट आखूड झाला की तो आणखी कडक होतो, आणि हेड तेवढंच जड राहतं. पोराच्या हातात लोखंडी पहार दिल्यासारखं ते झालं. तो ती फिरवण्यासाठी सगळं अंग वेडंवाकडं करतो आणि तीच सवय हाडात बसते. मुलांचे क्लब वेगळे मिळतात, हलके आणि मऊ. तेच घ्या.

सेट चांगला आहे, फक्त शाफ्ट चुकीचा आहे, तर शाफ्ट बदलून घेता येतो. फक्त मागवण्याआधी खालच्या टोकाचा व्यास विचारा. आयर्नमध्ये दोन मापं चालतात. ०.३५५ इंचाचं निमुळतं टोक आणि ०.३७० इंचाचं एकसारखं. चुकीचं आलं की हेडमध्ये बसत नाही किंवा डुगडुगतं. आहे तो शाफ्ट किंचित कडक वाटत असेल तर फिटिंगवाले एक युक्ती करतात. सहा नंबरचा शाफ्ट सात नंबरच्या हेडमध्ये बसवून वरून लांबीला कापतात. शाफ्ट थोडासा मऊ लागतो, पूर्ण अक्षराएवढा नाही. काम गोल्फचे क्लब जोडणाऱ्याकडूनच करून घ्या. हेड सोडवायला गरम हवा लागते, आणि ग्रॅफाइट असेल तर पिळून न काढता सरळ रेषेत ओढून काढावं लागतं. नाहीतर आतले धागे फाटतात. एमआयडीसीतला वेल्डर कितीही हुशार असला तरी त्याच्याकडं नेऊ नका. तो गॅस पेटवणार, हे नक्की.

नवा शाफ्ट बसवून आणल्यावर उन्हाळ्यात सेट गाडीच्या डिकीत ठेवून दिवसभर गाडी उन्हात लावू नका. बाहेर ४२-४३ अंश असताना बंद डिकीत त्याहून बरंच जास्त तापतं, ग्रिप कडक होते आणि हेड धरून ठेवणारा गोंद हळूहळू ढिला पडू शकतो. महिन्या-दोन महिन्यांनी एका हातानं हेड आणि दुसऱ्या हातानं शाफ्ट धरून हलकेच पिळून बघा. जरा जरी कर्रर्र वाजलं किंवा हेड हललं तर तो क्लब त्या दिवशी बॅगेतच राहू द्या, कारण सुटलेलं हेड बॉलच्या आधी समोरच्या माणसापर्यंत पोचतं.